मालमोटारीचे पाटे

दसऱ्यानंतर आमच्या भूम-वाशी भागातून ऊसतोडणीच्या टोळ्या बार्शी, पंढरपूर, सांगोला या वाटेने मिरज-कोल्हापूरकडे निघतात. एकाच ट्रकमध्ये भांडीकुंडी, सरपण, पोती आणि त्यांवर बसलेली मुलेबाळे! मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हे खरे. पण टोळीला दुसरी गाडी कोण देतो? हा सारा भार ज्यांवर तोललेला असतो, त्या पाट्यांविषयी येथे लिहीत आहे. वडील ट्रकचालक असल्याने हा विषय मी पुस्तकाआधी गाडीखाली शिकलो.

पोलादाच्या लांब-आखूड पट्ट्या एकावर एक रचून पाट्यांचा जुडगा होतो. मोटारींपूर्वी घोड्यांच्या बग्ग्यांनाही असे पाटे असत. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याचे एक टोक चासीला पिनेने पक्के असते, दुसरे शॅकलवर झुलते. कारण भाराने पाटा सपाट झाला की तो लांबतो. स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला. अर्थात तो एका मर्यादेपर्यंतच खरा, आणि आमच्याकडे ती मर्यादा कोण पाळतो?

तरीपण पाटा केवळ भारानेच तुटतो असे नाही. जुडग्याच्या मधोमध भोक पाडून सेंटर बोल्ट घातलेला असतो आणि दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट जुडगा ॲक्सलवर आवळून धरतात. भोकामुळे पाटा तेथेच कमजोर असतो. यू-बोल्ट घट्ट असले तर तो भाग सहसा वाकत नाही. सैल पडले की प्रत्येक खड्ड्यात नेमकी तीच जागा वाकते आणि तेथूनच चीर जाते. कधी सेंटर बोल्टच कापला जातो. मग ॲक्सल सरकतो व गाडी एका अंगाला ओढते. बोल मात्र रस्त्याला! नवे पाटे काही अंतर चालल्यावर बसतात, म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. बहुतेकांकडून नेमके हेच राहून जाते.

वाटेत पाटा तुटलाच तर वडील म्हणतात, "आधी माणसं उतरव, मग जॅक काढ." चाकांना दगड लावून, भार उतरवून, ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये लाकडी ओंडका साखळीने घट्ट बांधायचा आणि हलकी गाडी सावकाश जवळच्या पाटेवाल्यापर्यंत न्यायची. सेंटर बोल्ट तुटला असेल तर ओंडक्याने भागत नाही, तो जागेवरच बदलावा लागतो. म्हणून पेटीत दोन जादा असतात. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडून मात्र घेऊ नये. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि सांध्याशेजारी तो पुन्हा तुटतो.

उशीर होतो म्हणून मुकादम घाई करतो. तरीही वर एक जरी माणूस असले तरी वडील जॅक लावीत नाहीत.