तबेल्यांतील घोड्याचा श्वास

घोडा हा मनुष्याचा फार जुना सोबती आहे. त्याच्या वेगाचीं व डौलाचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकतों. परंतु ज्या श्वासाच्या बळावर तो वेग उभा असतो, त्या श्वासाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. माथेरानच्या डोंगरावर मोटारींस मज्जाव असल्यामुळें तेथें घोडे अजूनहि माणसें वाहून नेतात. मुंबई व पुणें येथें शर्यतीचे घोडे आहेत. आणि लग्नाच्या वरातींसाठीं घोडे पाळणारीं माणसें तर अनेक गांवीं आढळतात. यांपैकीं बहुतेक घोड्यांच्या दिवसाचा मोठा भाग तबेल्यांत जातो. असा घोडा खोकूं लागला कीं मालक प्रथम औषधाची बाटली शोधतो. वस्तुतः त्यानें प्रथम छपराकडे, जमिनीकडे व गवताच्या पेंढीकडे पाहिलें पाहिजे. असें कां, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

घोड्याच्या घशाची रचना अशी आहे कीं, त्याला आपल्याप्रमाणें तोंडानें श्वास घेतां येत नाहीं. त्याचा सर्व व्यवहार नाकावाटेंच चालतो. स्वस्थ उभा असलेला निरोगी घोडा मिनिटास ८ ते १६ श्वास घेतो, आणि एका श्वासाबरोबर सुमारें ५ लिटर हवा आंत जाते. मिनिटास १२ श्वास धरले तर ६० लिटर, व २४ तासांत ८६,४०० लिटर हवा झाली. आतां १२ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच अशी घोड्याची खोली घ्या. तींत सुमारें ४०,८०० लिटर हवा मावते. म्हणजे कांहींहि श्रम न करतां घोडा त्या खोलीभर हवेहून दुपटीनें हवा एका दिवसांत फुप्फुसांतून फिरवितो. ती हवा कशी आहे, या प्रश्नाचें महत्त्व एवढ्या हिशेबावरून सहज ध्यानांत येईल.

तबेल्याच्या हवेंत दोन शत्रु दडलेले असतात. पहिला शत्रु धूळ. ही रस्त्यावरची धूळ नव्हे; वाळलेलें गवत व अंथरलेला पेंढा यांतून उडणारे बुरशीचे बीजाणू, सूक्ष्म जंतु व अगदीं लहान किड्यांचे अवशेष यांची ती बनलेली असते. जे कण मिलिमीटरच्या ५ सहस्रांशांहून लहान असतात, ते नाकांत अडकत नाहींत, थेट वायुकोशांपर्यंत पोहोंचतात. शिवाय घोडा गवतांत नाक खुपसून खातो. त्यामुळें खोलीच्या मध्यभागीं हवा स्वच्छ भासली तरी त्याच्या नाकपुड्यांपाशीं धुळीचा ढग असूं शकतो. दुसरा शत्रु म्हणजे मूत्रापासून जंतूंच्या क्रियेनें निर्माण होणारा अमोनिया वायु. तो श्वासमार्गाच्या नाजूक अस्तरास झोंबतो व कफ बाहेर ढकलण्याची त्याची शक्ति कमी करतो.

वर्षानुवर्षें अशी हवा घेतल्यानें कांहीं घोड्यांच्या श्वासनलिका सुजतात, आंवळतात व दाट कफानें भरतात. या विकारास घोड्याचा दमा असें म्हणतात. याचें तीव्र रूप बहुधा ७ वर्षांपुढील घोड्यांत दिसतें. घोडा खातांना किंवा चालूं लागतांना खोकतो, नाकपुड्या फुगवितो, श्वास बाहेर टाकतांना पोटाचा जोर लावतो. पुढें पुढें पोटाचे स्नायु इतके वाढतात कीं बरगड्यांच्या कडेनें एक तिरपी रेघ उमटते. घोड्याचें व माणसाचें दुखणें येथें फारसें वेगळें नाहीं. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यास स्वतःस दमा होता. १६९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दम्यावरील ग्रंथांत त्यानें धाप लागणाऱ्या एका घोडीच्या शवविच्छेदनाचें वर्णन दिलें आहे.

आपल्या घाटमाथ्यावर व कोंकणांत या संकटाचा काल म्हणजे पावसाळा. पावसानंतर कापून वाळविलेलें गवत गंजींत रचून ठेवतात. पुढील आषाढ येईतों तें कित्येक महिन्यांचें जुनें होतें, आणि दमट हवेनें त्यावर बुरशी धरते. त्याच दिवसांत झड आंत येऊं नये म्हणून मालक तबेल्याच्या खिडक्यांस फळ्या व ताडपत्र्या लावतो. हेतु ममतेचा असतो. परंतु ज्या वेळीं गवत सर्वांत वाईट, त्याच वेळीं हवा सर्वांत कोंदट, असा दुहेरी योग जुळून येतो.

आतां उपाय पाहूं. पहिला उपाय वायुवीजनाचा. अंगाच्या उष्णतेनें तापलेली हवा वर चढते. म्हणून तिला निघून जाण्यास छपराच्या शेंड्याशीं वाट असावी, व ताजी हवा वळचणीखालच्या झरोक्यांतून आंत यावी. छपरास आंतून पाणी सुटलें असेल तर हवा खेळत नाहीं असें समजावें. पाऊस अडवावा, वारा अडवूं नये. अंग कोरडें असलें तर घोडा आपल्याहून पुष्कळ अधिक थंडी सोसतो. लंडनच्या पशुवैद्यक विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड कोलमन यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश घोडदळाच्या कोंदट पागांत हवा खेळविण्याचा आग्रह धरला, आणि त्यामुळें घोड्यांतील रोगराई पुष्कळ घटली.

दुसरा उपाय चाऱ्याचा. गवताची मूठ उन्हाच्या तिरिपेंत धरून झटकावी. धुरासारखी धूळ उडाली किंवा कुबट वास आला तर तें गवत घोड्यापुढें टाकूं नये. भिजविल्यानें बुरशी लागलेलें गवत चांगलें होत नाहीं. चांगलें गवत मात्र अर्धा तास पाण्यांत बुडवून ओलेंच खाऊं घालावें, म्हणजे उरलेली धूळ बसते; तें पुन्हां वाळूं देऊं नये, आणि उरलेलें पाणी फेकून द्यावें. पावसाळ्यांत हिरवा चारा विपुल असतो व त्यांत धूळ नसते. परंतु तो आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा, एकदम बदल केल्यास पोटशूळाचें भय असतें. गंजी तबेल्याच्या माळ्यावर रचूं नये. चारा जमिनीलगत ठेवावा. मान खालीं केली कीं कफ आपोआप बाहेर वाहतो. लांबच्या प्रवासांत मान वर बांधून ठेवलेल्या घोड्यास म्हणूनच फुप्फुसदाह होण्याचा धोका असतो. मधून मधून थांबून त्यास मान खालीं करूं द्यावी.

तिसरा उपाय स्वच्छतेचा. ओलें अंथरूण रोज काढावें व जमिनीस उतार ठेवावा. अमोनियाची परीक्षा उभ्यानें करूं नये. गुडघ्याएवढें वांकून हुंगावें, कारण बसलेल्या घोड्याचें नाक तेथेंच असतें. झाडलोट करतांना घोडा बाहेर बांधावा आणि धूळ खालीं बसल्यावरच आंत आणावा. शक्य तितका वेळ त्यास मोकळ्या कुरणांत सोडणें हें सर्वांत उत्तम.

मग औषधाचें काम काय? सूज उतरविणारीं व श्वासनलिका रुंद करणारीं औषधें पशुवैद्यकाजवळ आहेत, आणि घोडा धापा टाकीत असतां तीं अवश्य द्यावीं. परंतु धूळ तशीच राहिली तर औषध थांबतांच दुखणें परत येतें.

सर्वच खोकला मात्र दम्याचा नसतो. दम्यांत सहसा ताप येत नाहीं. घोड्याचें तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें, नाकांतून पिवळा स्राव वाहूं लागला किंवा घशाशीं गांठी आल्या, तर रोग संसर्गजन्य समजून घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली व खरारा निराळा करावा आणि पशुवैद्यकास तत्काळ बोलवावें. घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ भारतांत १९८७ व २००८ सालीं येऊन गेली आहे. ग्लँडर्स हा रोग तर माणसांसहि होतो. त्याचा संशय येतांच सरकारी पशुवैद्यकास कळविणें हें कर्तव्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या घरीं घोडा असेल, तर रोज सकाळीं तो स्वस्थ उभा असतां दुरून त्याच्या कुशीकडे पाहा, आणि घड्याळ धरून एका मिनिटांत ती किती वेळां वर-खालीं होते तें मोजून वहींत लिहा. आंकडा दिवसेंदिवस वाढूं लागला तर खोकल्याची वाट न पाहतां वडील मंडळींस सांगा. ज्यांच्या घरीं घोडा नाहीं, त्यांनींहि एवढें ध्यानांत ठेवावें कीं, कोंडलेल्या जनावरास आपल्या हातानें खिडकी उघडतां येत नाहीं. ज्यानें त्यास छपराखालीं आणिलें, त्याच्याकडेच त्याच्या श्वासाची जबाबदारी आली.