मातीचे ऋण

पुण्यातील स्वारगेट हे सदैव गजबजलेले ठिकाण आहे. तेथील चौकास देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव देण्यात आले आहे. या चौकात उभे राहिले असता दुकानांच्या, रस्त्यांच्या व गाड्यांच्या पाट्या चोहोंकडे दृष्टीस पडतात. बहुतेक पाट्या रंगवलेल्या किंवा छापलेल्या असतात. ऊनपावसाने त्यांचा रंग उडतो. परंतु पितळेच्या ओतीव पाटीवरील उठावाची अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

अशा पाटीवर उठावाचे चित्र वा सुबक अक्षरे हवी असतील, तर कारागीर प्रथम हाती घेतो ती माती. एका फळीवर तो मऊ, चिकण मातीचा थर पसरतो आणि त्यावर आकृती घडवतो. शिरोरेषा जाड झाली, तर ती खरवडता येते. वेलांटी बारीक झाली, तर मातीची वळी चिकटवता येते. धातूत ही सोय नाही. आणखी दोन गोष्टींकडे त्याला लक्ष द्यावे लागते. अक्षराच्या कडा तळाशी रुंद व माथ्याशी किंचित अरुंद हव्यात. नाही तर नमुना साच्यातून काढताना अडकतो व साच्याची कड मोडते. शिवाय धातू थंड होताना आकसतो. म्हणून नमुना थोडा मोठाच करावा लागतो.

मातीचा नमुना पुरा झाला, की त्यावर प्लास्टर ओततात. ते घट्ट झाल्यावर माती काढून टाकतात. मागे राहतो तो उलटा साचा; त्यात उठावाच्या जागी खोलगट भाग असतो व अक्षरे उलटी दिसतात. त्यात पुन्हा प्लास्टर भरले, म्हणजे मूळ आकृतीची टणक प्रतिकृती मिळते. ती बारीक वाळूत दाबून ओतारी अखेरचा साचा करतो आणि त्यात तापून पातळ झालेला रस ओततो.

मातीपासून धातूपर्यंतच्या या प्रवासाचे भव्य उदाहरण पुण्यातच आहे. शिवाजीनगर भागातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली या स्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. १९२२ साली शाहू महाराज निवर्तले. परंतु राजाराम महाराजांनी ते कार्य पुढे चालवले. पुतळा घडवला विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांनी. ते अलिबागजवळील सासवणे गावचे. बालपणी त्यांनी गावच्या मंदिराच्या भिंतीवर शिवरायांचे चित्र काढले होते. ते पाहून कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्यास साहाय्य केले.

हा पुतळा सुमारे साडेतेरा फूट उंच आहे. एवढ्या मोठ्या मूर्तीच्या मातीला आतून सांगाड्याचा आधार द्यावा लागतो आणि ती तडकू नये म्हणून ओल्या फडक्यांनी झाकावी लागते. मोठे पुतळे सामान्यतः भागाभागांनी ओतून मग जोडतात. करमरकरांचा पुतळा मात्र मुंबईस माझगाव येथे ब्राँझमध्ये एकसंध ओतण्यात आला. हे मोठे धाडस होते. साच्यात ओल राहिली, तर तिची वाफ होऊन साचा फुटतो. हवा कोंडली, तर धातूत पोकळी राहते. रस वाटेतच थिजला, तर अवयव अपुरा राहतो. एका दोषाने साऱ्यांचे श्रम वाया जाण्याचा संभव होता. ओतकाम यशस्वी झाले आणि जून १९२८ मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले.

पाहणाऱ्यास दिसते ते ब्राँझ. ज्या मातीने प्रथम घोड्याची मान उचलली व स्वाराची दृष्टी स्थिर केली, ती तेथे नाही. साचा झाला, की माती पुन्हा भिजवून दुसऱ्या कामास घेतात. ज्याला धातूत चूक नको असेल, त्याने मातीतच कष्ट करावेत.

स्वाध्याय
१. अक्षराच्या कडा तळाशी रुंद का ठेवतात?
२. एकसंध ओतकामात कोणते धोके असतात?
३. पाठाच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अभ्यासातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.