अंगदुखी रक्तातून येते काय?

पुष्कळ घरांत असे एखादे माणूस असते, आणि बहुधा ती स्त्री असते, की जिचे अंग बारमाही दुखते. आज मान, उद्या पाठ, परवा मांड्या. रात्री झोप लागली तरी सकाळी विसावा मिळाल्यासारखे वाटत नाही. रक्त तपासावे तर निर्दोष, क्ष-किरणांचे चित्र काढावे तर हाडे धड. डॉक्टर म्हणतात, ‘काही विशेष नाही’. आणि घरची मंडळी त्याचा अर्थ ‘ढोंग’ असा घेतात. यांतील काहींच्या दुखण्यास फायब्रोमायाल्जिया असे नाव आहे. ‘आमच्या आईलाही असेच होत असे,’ असे ही बाई सांगते, तेव्हा हे दुखणे वंशपरंपरेने येते की काय, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा शोध शास्त्रज्ञांनी कसा घेतला, ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम दुखण्याचे मूळ कोठे, हे पाहिले पाहिजे. १९०४ साली इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी अशा दुखण्यास ‘फायब्रोसायटिस’ म्हणजे तंतूंचा दाह असे नाव दिले. पण स्नायूंत तसा दाह आढळेना. तेव्हा १९७६ पासून ‘फायब्रोमायाल्जिया’ हे नाव रूढ होऊ लागले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने अंगावरील १८ जागा ठरवून दिल्या. त्यांपैकी ११ दाबल्यावर दुखल्या आणि सर्वांगाची वेदना तीन महिने टिकली, म्हणजे हा रोग समजावा. जागा मोजण्याची ही अट २०१० च्या नव्या कसोट्यांत गळाली. २००२ साली अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूची चित्रे घेण्यात आली. निरोगी माणसाला जितकी वेदना होण्यास सुमारे दुप्पट दाब लागत होता, तितकी या रुग्णांना थोड्याशा दाबाने होत होती. आणि त्यांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे खरोखरच जागी होत होती. तेव्हा ढोंगाचा आरोप येथेच निकालात निघतो. बिघाड स्नायूंत असण्यापेक्षा वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या व वाढवणाऱ्या यंत्रणेत अधिक आहे.

आता घराण्याकडे वळू. २००४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांच्या नातलगांची तुलना आमवाताच्या रुग्णांच्या नातलगांशी करण्यात आली. पहिल्या गटातील नातलगांत हा रोग असण्याचा संभव सुमारे साडेआठपट भरला. मात्र त्यांतही बहुसंख्य नातलग या रोगापासून मुक्तच होते, ही गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत.

परंतु घराण्यात आढळले म्हणजे रक्तातून आले, असे नव्हे. आई आणि मुलगी एकाच चुलीपाशी राबतात, एकच ताण सोसतात. रक्त आणि राहणी यांची फारकत करण्यास जुळ्या भावंडांचा उपयोग होतो. एकसारख्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सर्व समान असतात, साध्या जुळ्यांची सरासरीने निम्मी. राहणी मात्र दोघांचीही बहुतेक सारखीच. २००९ साली फिनलंडमध्ये सुमारे दहा हजार जुळ्या व्यक्तींच्या उत्तरांवरून असा निष्कर्ष निघाला, की अशा लक्षणांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक आहे. याचा अर्थ एकाच बाईची निम्मी वेदना आईकडून आली आणि निम्मी सासरी लागली, असा मात्र करू नये. हा हिशेब समूहाचा आहे.

निम्मा वाटा आहे म्हटल्यावर जनुक कोणते, याची शोधाशोध सुरू झाली. सेरोटोनिन नावाचे द्रव्य वेदना आवरण्याच्या कामी येते, म्हणून त्याच्या वाहतुकीच्या जनुकावर प्रथम नजर गेली. १९९९ साली जर्मनीतील संशोधकांना या जनुकाची आखूड रूपांची जोडी ३१ टक्के रुग्णांत व १६ टक्के निरोगी माणसांत आढळली. सर्वांना वाटले, चोर सापडला! पण २००२ साली तुर्कस्तानातील संशोधकांनी मानसिक विकार नसलेले रुग्ण तेवढे घेतले, तेव्हा हा फरक दिसेनासा झाला. इतर जनुकांचीही तीच गत. एका ठिकाणी पुरावा मिळे, तो दुसऱ्या ठिकाणी मिळत नसे. आमच्या मते दोष संशोधकांच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. शे-दोनशे माणसांच्या मोजणीत योगायोग फार सहज डोके वर काढतो.

एकाच जनुकाने वेदनेचे सारे गणित फिरते, अशीही उदाहरणे आहेत. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करी. तो दंडातून सुऱ्या आरपार घाली, निखाऱ्यांवर चाले. वेदना म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हते. चौदा वर्षे पुरी होण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारून तो दगावला. त्याच्या नात्यातील घराण्यांच्या अभ्यासातून २००६ साली कळले, की एससीएन९ए नावाचे एक जनुक निकामी झाल्याने असे होते. फायब्रोमायाल्जियाचा प्रकार असा नाही. २०१९ साली ब्रिटनमधील सुमारे ३,८०,००० लोकांच्या नोंदींवरून अनेक जागी दुखणाऱ्या जुनाट वेदनेशी निगडित अशी ३९ ठिकाणे जनुकसंचात सापडली. २०२५ साली प्रथम जाहीर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात फायब्रोमायाल्जियाचेच पन्नास हजारांहून अधिक रुग्ण घेतले होते. त्यात अशी २६ ठिकाणे मिळाली, आणि त्यांचा रोख स्नायूंकडे नसून मेंदूकडे निघाला. प्रत्येक ठिकाणाचा परिणाम अगदी तुटपुंजा. म्हणजे हा वारसा थेंबाथेंबाने साचलेला आहे, आणि त्या थेंबांपैकी काही आपणा सर्वांच्याच वाट्याला आलेले आहेत.

सबब, मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींनी ‘आईला अंगदुखी आहे म्हणे’ म्हणून नाक मुरडावे, याला शास्त्राचा आधार नाही. लाळेच्या थेंबावरून हा रोग ओळखून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासूनही सभासदांनी सावध राहावे; आज जनुके तपासून फायब्रोमायाल्जिया ठरवता येत नाही. तो ठरवतो डॉक्टर, सारी हकीकत ऐकून. थायरॉइडचा विकार, आमवात अशी दुसरी कारणे तो आधी तपासतो. आई, मावशी, बहीण यांना असे दुखणे होते किंवा आहे, ही माहिती त्याला जरूर द्यावी.

उपचारांविषयी एवढेच सांगतो, की २०१६ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी सर्व उपायांची छाननी केली, तेव्हा एकाच उपायाची जोरदार शिफारस केली. तो उपाय म्हणजे व्यायाम. प्रारंभी पाच-दहा मिनिटे चालावे, पुढच्या दिवशी दुखणे फार बळावले नाही तर आठवड्याने थोडे वाढवावे. मात्र घरकामात दिवसभर झालेली येरझार यात धरू नये. हा वेळ निराळा काढावा लागतो, आणि तेवढा वेळ तिची कामे घरातील दुसऱ्या कोणी तरी उचलावी लागतात.