मुरगळलेल्या घोट्याचे गणित

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे आपल्याच बीड जिल्ह्याचे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे जमिनीवर ३५ वेळा उतरायचे! जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या उडीपाशी पडून त्यांच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत झाली व शस्त्रक्रिया करावी लागली.

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. (स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा.) घोट्यातही अशा दोऱ्या आहेत. कबड्डी, खोखो खेळताना पाय मुरगळतो तेव्हा बहुधा बाहेरच्या बाजूची दोरी दुखावते. का? आपला घोटा चाचपून पाहा. बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेले लागेल. त्यामुळे तळवा बाहेर वळताना अडतो, आत मात्र सहज वळतो.

समजा, तुमचे वस्तुमान ५० किलोग्रॅम आहे. वजन सुमारे ५०० न्यूटन. एका पायावर उतरताना जमिनीची प्रतिक्रिया क्षणभर तिप्पट, १५०० न्यूटन धरू. पाऊल सपाट पडले तर ती सांध्याजवळून जाते. पण तळव्याच्या आतल्या कडेखाली दगड आला आणि ती सांध्यापासून ४ सेंटिमीटर आत सरकली, तर पाऊल म्हणजे एक तरफच झाली. बाहेरची दोरी सांध्यापासून २ सेंटिमीटरवर आहे असे मानले, तर १५०० × ४ = बल × २, म्हणून बल ३००० न्यूटन! हे आकडे समजण्यापुरते. शिवाय या ओझ्यात नडगीच्या बाहेरच्या स्नायूंनी वाटा उचलायचा असतो. पण मुरगळणे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच उरकते. स्नायू पुरते आवळले जाईपर्यंत दोरीचे काही तंतू तुटलेले असतात.

तुटलेल्या जागी रक्त व द्रव झिरपतो, तीच सूज. आमच्या कॉलेजातल्या एका खेळाडूचा पाय मुरगळला, तेव्हा मित्रांनी प्रेमाने गरम तेल लावून पाऊल ओढले, चोळले. संध्याकाळी त्याला चप्पलही घालवेना. पहिले दोन दिवस चोळणे नको, शेक नको. खेळ थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ ते २० मिनिटे ठेवा; बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके. लवचिक पट्टी बांधा, पण बोटे बधिर होतील इतकी घट्ट नव्हे. आणि पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच ठेवा. द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो हे तुम्ही शिकलाच आहात. लोंबत्या पायाला सूज का चढते, ते आता सांगा पाहू.

चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडल्याची शंका घ्यावी आणि हाडवैद्याकडे न जाता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

एकदा मुरगळलेला घोटा पुनःपुन्हा मुरगळतो, कारण त्याची तोलाची जाण मंदावते. दुखणे गेल्यावर भिंतीजवळ त्या एकाच पायावर उभे राहा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. दोन्ही पायांचे सेकंद घड्याळावर मोजून वहीत लिहा, आणि दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत हे रोज करा.