स्थिरावलेले वजन आणि भाकरीचा हिशेब

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगदाण्याची चटणी हा बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागातील परंपरागत आहार होय. दिवसभर शेतात राबणाऱ्यास तो पुरेसा होता. परंतु बैठे काम करणारे शिक्षक, कर्मचारी व दुकानदार तोच आहार तेवढ्याच प्रमाणात घेऊ लागले की वजन वाढते; पुढे मधुमेह वा रक्तदाब आढळतो आणि वजन उतरविण्याचा सल्ला मिळतो. अनेकजण तो निष्ठेने पाळतातही. मात्र काही महिन्यांनी काटा एका जागी थांबतो आणि पथ्य व व्यायाम दोन्ही व्यर्थ आहेत अशा समजुतीने ते सोडून दिले जातात. खरा धोका आहे तो येथेच.

उदाहरणार्थ, भालकी तालुक्यातील एखाद्या शिक्षकाचे वजन 80 किलो होते असे समजू. त्याने जेवणातील एक भाकरी कमी केली, चहातील साखर वगळली व रोज पहाटे चालणे सुरू केले. पहिल्या पंधरवड्यात वजन झपाट्याने उतरले. यातील बरीचशी घट मेदाची नसते. यकृत व स्नायूंत साठविलेली शर्करा प्रथम खर्ची पडते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणीही शरीराबाहेर जाते. त्यानंतरची घट संथ होणे स्वाभाविकच होय. पुढे 72 किलोवर काटा थांबला.

असे का व्हावे? 72 किलोचे शरीर चालविण्यास 80 किलोच्या शरीरापेक्षा कमी उष्मांक लागतात. तेवढेच अंतर चालण्यासही कमी खर्च होतो, कारण वाहून न्यावयाचे ओझेच घटलेले असते. शिवाय शरीर काटकसर करू लागते. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठाच्या रुडॉल्फ लायबेल व सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवून दिले की, शरीराचे वजन 10 टक्क्यांनी घटल्यावर दैनंदिन खर्च, घटलेल्या वजनाच्या हिशेबाने अपेक्षित असतो त्याहूनही अधिक कमी होतो. भूकही वाढते. सारांश, प्रारंभी जो आहार तुटीचा होता, तोच आता बरोबरीचा ठरतो. यात त्या शिक्षकाचा काही दोष नाही.

तथापि मापातील ढिलाईही तपासून पाहावी. 50 ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे 170 उष्मांक मिळतात. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाण्यांतूनही जवळपास तेवढेच. भाकरी मोजणारी व्यक्ती चटणी मात्र क्वचितच मोजते! एक छोटा चमचा तेल म्हणजे 45 उष्मांक. आठवडाभर भाकरीचे पीठ, तेल व दाणे मोजून वहीत टिपले, तर कोठे काय वाढले हे घरातील गृहिणीच्या सहज ध्यानात येते. येळवशीच्या दिवशी शेतात भज्जी, आंबील व उंडे मनसोक्त खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर गेला, तर ती वाढ मुख्यतः अन्नाच्या व पाण्याच्या वजनाची असते. म्हणून वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी, सकाळी करावे.

या अवस्थेत कडक उपवास धरणे हितावह नाही. त्यामुळे मेदाबरोबर स्नायूही झिजतात आणि खर्च आणखी घटतो. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर तर उपवासाने धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यापेक्षा भाकरी थोडी घटवून वरण दाट करावे, पालेभाजी वाढवावी आणि चालण्यास जोर-बैठकांसारख्या व्यायामाची जोड द्यावी. थकवा व सूज असल्यास अवटु ग्रंथीची तपासणी करून घ्यावी.

काटा मुळीच हलला नाही तरी प्रयत्न वाया जात नाहीत, याचा पुरावा भारतातच आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 531 व्यक्तींचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध केला. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी 3 वर्षांत 55 टक्के मधुमेही झाले. आहार व व्यायाम पाळणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के राहिले. विशेष म्हणजे, पथ्य पाळणाऱ्यांचे वजन उल्लेखनीय असे उतरले नव्हते.

वजन हे मेदाचे अपुरे माप आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. परंतु शरीरातील मेद युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाला. 2004 साली दोघांनी आपलीच ही तुलना प्रसिद्ध केली. म्हणून वजनाशेजारी कंबरेचा घेरही नोंदवावा. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत न आवळता माप घ्यावे. भारतीय पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. वजन 72 वर स्थिर असताना हा घेर दोन सेंटीमीटरने उतरला असेल, तर त्या शिक्षकाचे पहाटेचे चालणे उपयोगी पडत आहे असे समजावे.