छपराची कैची : आतील व बाहेरील बले

शाळेच्या छपराचा भार व भिंतींची प्रतिक्रिया ही कैचीवरील बाह्य बले होत. दांड्यांतील ताण वा दाब ही अंतर्गत बले. संपूर्ण कैचीचा समतोल पाहताना अंतर्गत बले परस्परांना रद्द करतात. मात्र कल्पनेने छेद घेऊन एकच भाग विचारात घेतला, की कापलेल्या दांड्यांतील बले त्या भागापुरती बाह्य ठरतात.

८ मीटर रुंद व २ मीटर उंच अशा साध्या त्रिकोणी कैचीच्या शिखरावर १,००० किलोग्रॅम भार असल्यास प्रत्येक आधारावर ५०० किलोग्रॅम येतो. डाव्या भागाचा शिखराभोवती समतोल मांडल्यास तिरप्या दांडीचे बल गळते आणि ५०० × ४ = ताण × २ हे समीकरण उरते. म्हणजेच आडव्या दांडीत १,००० किलोग्रॅम ताण असतो. ती दांडी काढल्यास तोच जोर भिंतींना बाहेर ढकलील. म्हणून दुरुस्तीच्या वेळी अभियंत्याच्या सल्ल्याविना तिला हात लावू नये.