करुप्पूरची राजवस्त्रे

तंजावर म्हटले की बृहदीश्वर मंदिराचे उत्तुंग शिखर आणि सरस्वती महाल ग्रंथालय डोळ्यांपुढे उभे राहते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात येथे आपली सत्ता स्थापन केली आणि भोसले घराण्याची गादी १८५५ पर्यंत टिकली, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र या राजघराण्यासाठी तयार होणारे एक अपूर्व वस्त्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. कुंभकोणमजवळच्या कोडाली करुप्पूर या गावावरून ते ओळखले जाते.

करुप्पूरच्या वस्त्राचे वैशिष्ट्य असे, की ते दोन वेगवेगळ्या कलांच्या संगमातून जन्माला येई. विणकर तलम सुती वस्त्र विणताना त्यात जरीची नक्षी भरत असे. प्रत्येक बुट्टीसाठी जरीचा धागा हाताने घालावा लागे. माग सोडल्यावर हे वस्त्र रंगाऱ्याच्या हाती येई. जो भाग रंगू द्यायचा नाही, तो रंगारी मेणाने झाकी. मग वस्त्र रंगात बुडवी आणि शेवटी मेण काढून टाकी. लेखणीने वा ठशांनी उमटवलेली ही नक्षी जरीच्या नक्षीशी तंतोतंत जुळणे आवश्यक असे. सुताला रंग चढे, जरीवर मात्र तो बसत नसे. त्यामुळे तांबूस, तपकिरी पार्श्वभूमीतून सोने मंदपणे चमकत राही. विणकराने महिनोन् महिने राबून विणलेले वस्त्र रंगाऱ्याच्या एका चुकीने वाया जाऊ शकत होते! साड्यांप्रमाणेच पागोटी आणि धोतरेही अशी तयार होत, आणि मानाचा आहेर म्हणून ती इतर संस्थानांतही जात.

इतका खर्च सोसणारे गिऱ्हाईक एकच होते, ते म्हणजे राजवाडा. सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात (१७९८–१८३२) या कलेला मोठा आश्रय मिळाला. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. राजांच्या हाती किल्ला, त्याचा परिसर आणि ठरावीक उत्पन्न एवढेच उरले होते. लढाया नव्हत्या, फौजेचा मोठा खर्च नव्हता. साहजिकच ग्रंथ, संगीत, चित्रे आणि वस्त्रे यांवर द्रव्य खर्च होत असे. मात्र ज्या कारागिराचा पोशिंदा एकच, त्याचे जगणे त्या एकाच्याच नशिबाशी बांधलेले असते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने गादी खालसा केली. करुप्पूरच्या मागांचा आधारच तुटला. पुढे मँचेस्टरचे स्वस्त छापील कापड बाजारात शिरले. १८६९ च्या सुमारास कृत्रिम लाल रंग तयार होऊ लागला आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगारी जिच्यापासून लाल रंग काढीत, त्या ‘सायवेर’ नावाच्या मुळीचीही किंमत उरली नाही. आज जुनी करुप्पूर वस्त्रे पाहावयाची, तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसारखे संग्रहालय गाठावे लागते.

त्याच मुलखातील रेशमी विणकामाची कथा मात्र निराळी आहे. कुंभकोणमच्या शेजारच्या तिरुभुवनम येथे मुख्यतः सौराष्ट्री समाजाचे विणकर आहेत. त्यांची बोली गुजराती व मराठीला जवळची आहे. या विणकरांनी राजाची वाट पाहिली नाही. १९५५ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. मालाच्या विक्रीसाठी तिने स्वतःची दुकाने काढली. मद्रासमध्ये १९२८ साली सुरू झालेले ‘नल्ली’चे रेशमी वस्त्रांचे दालन आणि १९३५ मध्ये स्थापन झालेली ‘को-ऑप्टेक्स’ ही हातमाग विणकरांची संस्था यांनी ही वाट आधीच दाखवली होती. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला विणकर ओळखत नाही. पण लग्नसराईत अशी हजारो गिऱ्हाइके येतात, आणि एक गेले तर दुसरे येते. तिरुभुवनमच्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजेच त्या नावावर त्या गावाचा कायदेशीर हक्क मान्य झाला.

करुप्पूरमध्ये रंगाऱ्यांची कला अजिबात संपली असे नाही. देवळांना छत, दारावरचे पडदे आणि ‘तोंबै’ म्हणजे गोल लोंबती कापडी सजावट लागते. उत्सव चालू राहिले, म्हणून ही मागणीही राहिली आणि काही घराण्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. २०२१ मध्ये करुप्पूरलाही भौगोलिक मानांकन लाभले. ते तेथील कलमकारी चित्रांना आहे; जरीच्या राजवस्त्राला नव्हे.